वार्ताहर, वर्दी आणि बायबल

१३ सप्टेंबर १९६१ रोजी मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराच्या बस स्थानकात पंधरा पाद्री शिरले. सगळे एपिस्कोपल पंथाचे; त्यांत गोरे होते तसे काळेही होते. न्यू ऑर्लिअन्सहून डेट्रॉइटपर्यंतच्या ‘प्रार्थनायात्रे’ला ते निघाले होते आणि गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेत सर्वांनी मिळून जायचे, हे ठरवूनच आले होते. त्यांचे पुढारी रॉबर्ट पिअर्सन हे न्यूयॉर्कचे रिपब्लिकन गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचे जावई. पोलिसांनी त्यांना निघून जायला सांगितले. ते हलले नाहीत, तेव्हा शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली आणि स्थानिक न्यायाधीशाने चार महिन्यांची कैद व दोनशे डॉलर दंड ठोठावला. पुढे हे आरोप टिकले नाहीत. मग या पाद्र्यांनी पोलिसांवरच नुकसानभरपाईचा दावा लावला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘पिअर्सन विरुद्ध रे’ या निकालात सांगितले, की कायदा वैध आहे असे प्रामाणिकपणे समजून पोलिसाने अटक केली असेल, तर तो कायदा पुढे घटनाबाह्य ठरला तरी त्याच्याकडून भरपाई मागता येणार नाही.

अमेरिकेत आज पोलिसांना जे कायदेशीर कवच आहे आणि ज्याला ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ म्हणतात, त्याचा उगम या निकालात आहे. म्हणजे हे कवच घडले ते ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोलिसांना जाब विचारला त्या खटल्यात, आणि ते घडवले अर्ल वॉरन यांच्या उदारमतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यायालयाने. आज मात्र या कवचाची राखण करणारे बहुतेक राजकारणी रिपब्लिकन आहेत, आणि त्यांचा सर्वांत भरवशाचा मतदार चर्चला जाणारा गोरा प्रोटेस्टंट आहे. हा उलटफेर कसा झाला, हे समजून घ्यायचे तर अमेरिकी पुराणमतवादी माणूस आपला विश्वास कुठे ठेवतो आणि कुठून काढून घेतो, ते पाहावे लागते.

२०२० सालचे गॅलपचे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र एकदम उभे राहते. त्या वर्षी पोलिसांवर बराच विश्वास असल्याचे सांगणारे रिपब्लिकन ८२ टक्के होते. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि रेडिओ खरी व पूर्ण बातमी देतात असा भरवसा असलेले रिपब्लिकन होते १० टक्के. डेमोक्रॅट मतदारांत आकडे नेमके उलटे पडले: पोलिसांवर २८ टक्के, माध्यमांवर ७३ टक्के. एकाच देशातली, एकाच भाषेत बोलणारी माणसे. रस्त्यावर काय घडले हे सांगणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी, पोलिसाचा जबाब आणि वार्ताहराची बातमी यांपैकी, कुणाचे खरे मानायचे याचा निर्णय त्यांनी घटना घडण्याआधीच करून ठेवला होता.

माध्यमांवरचा हा राग डोनाल्ड ट्रम्प यांनी निर्माण केला असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तो त्यांच्याहून कितीतरी जुना आहे, आणि धार्मिक पुराणमतवाद्यांच्या बाबतीत तर त्याला शंभर वर्षे होऊन गेली. १९२५ च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या डेटन या गावात शाळेत उत्क्रांतिवाद शिकवण्यावरून खटला चालला. बाल्टिमोरहून आलेले पत्रकार एच. एल. मेंकेन यांनी तिथल्या बायबलनिष्ठ गावकऱ्यांची अशी टवाळी केली, की शिक्षकाला दोषी ठरवूनही सनातनी पक्ष देशाच्या नजरेत हरला. ती हेटाळणी त्या समाजाने विसरायचे नाकारले. त्यानंतर रेडिओ आला. मोठ्या रेडिओ कंपन्या मुख्य प्रवाहातल्या, मवाळ चर्चसंघटनांना फुकट वेळ देत आणि बायबलनिष्ठ इव्हँजेलिकल प्रचारकांना विकतही देत नसत. म्हणून या मंडळींनी १९४२ मध्ये आपला राष्ट्रीय महासंघ काढला आणि १९४४ मध्ये धार्मिक प्रसारकांची स्वतंत्र संघटना उभी केली. आपली बातमी आपणच सांगायची, ही जिद्द तिथून पक्की झाली. छापखाना हाताशी धरून धर्म सांगण्याची सवय अमेरिकी प्रोटेस्टंटांना तशी आधीपासूनच होती; अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू केलेले ‘ज्ञानोदय’ ही त्याच सवयीची आपल्या दारातली खूण.

पुढचा टप्पा पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन या छोट्या गावात घडला. तिथल्या एका पाद्र्याच्या मालकीच्या रेडिओ केंद्रावरून १९६४ मध्ये बिली जेम्स हारगिस या ख्रिस्ती प्रचारकाने फ्रेड कुक या लेखकावर हल्ला चढवला. कुक यांनी रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिले होते. त्या काळी ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ म्हणून १९४९ पासूनचा नियम होता: वादाच्या विषयावर दोन्ही बाजूंना संधी द्यायची. कुक यांनी उत्तरासाठी फुकट वेळ मागितला, केंद्राने नकार दिला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राविरुद्ध एकमताने निकाल दिला. हा नियम न्यायाचाच होता, असे मला वाटते. पण चर्चच्या आवारातून रेडिओ चालवणाऱ्याला त्यात वेगळेच दिसले. देशभर ऐकल्या जाणाऱ्या तीन बड्या कंपन्यांना कुणी विचारत नाही, आणि आमच्या गावठी केंद्राच्या मानेवर मात्र सरकार बसते!

त्याच १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी आयोवातल्या डी मॉइन इथे भाषण केले. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये बसलेली मूठभर माणसे साऱ्या देशाने काय पाहायचे ते ठरवतात, हा त्यांचा मुद्दा होता. हे भाषण देशातल्या तिन्ही बड्या वाहिन्यांनी थेट दाखवले. मजकूर भाषणलेखक पॅट ब्युकॅनन यांनी लिहिलेला. नंतरच्या पन्नास वर्षांतली उजव्यांची सगळी माध्यमटीका त्या अर्ध्या तासात सापडते. १९८७ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत फेअरनेस डॉक्ट्रिन रद्द झाली, पुढच्याच वर्षी पुराणमतवादी रेडिओ-निवेदक रश लिम्बॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज सुरू झाली.

राग खोटा होता असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने पहिल्या पानावरच्या बातमीत दूरचित्रवाणीवरील प्रचारकांचे अनुयायी बहुतांशी गरीब, अशिक्षित आणि सहज हाकता येण्याजोगे असल्याचे विधान केले. जणू ती सर्वमान्य वस्तुस्थितीच. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागली, कारण त्या विधानाला कसलाही आधार नव्हता. आपल्याविषयी असे छापून येते आणि संपादकाच्या टेबलावर कुणालाच ते खटकत नाही, याचा अर्थ त्या खोलीत आपल्यातला एकही माणूस नाही, हे वाचकाने बरोबर ओळखले. पण रास्त रागाचाही धंदा होतो. २०२० च्या निवडणुकीत मतयंत्रांनी घोटाळा केल्याचे आरोप फॉक्सवरून पसरले. वाहिनीतली मोठी माणसे आपसांत त्या आरोपांवर विश्वास नसल्याचे लिहीत होती, हे न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये वाहिनीने मतयंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन या कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. जुन्या वृत्तपत्रांवर विश्वास नाही म्हणून जो प्रेक्षक इथे आला होता, त्याचीच इथे फसवणूक झाली. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत दुखणारी गोष्ट हीच वाटते.

आता वर्दीकडे. पोलिसांविषयी या समाजाला वाटणाऱ्या आदराची मुळे थेट बायबलमध्ये आहेत. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात शासनकर्ते देवाने नेमलेले आहेत आणि दुष्कृत्य करणाऱ्याला शिक्षा देण्यासाठी त्यांच्या हाती तलवार दिली आहे, असा आशय येतो. पोलिसांच्या अंत्यविधीला शांतता राखणाऱ्यांना धन्य म्हणणारे येशूचे वचन वाचतात. १९६० च्या दशकात शहरे पेटली, गुन्हे वाढले, आणि १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन ‘लॉ अँड ऑर्डर’ म्हणत निवडून आले. तेव्हापासून पोलिसांची बाजू घेणे ही राजकीय ओळख बनली. तीच ओळख आज मोटारींच्या मागे लावलेल्या निळ्या पट्ट्याच्या काळ्या-पांढऱ्या झेंड्यात दिसते.

तरीही वर्दी दिसली की विश्वास, इतके हे सरळ नाही. १९९२ मध्ये आयडाहोतल्या रूबी रिज इथे संघराज्याच्या पोलिसांनी एका कुटुंबाच्या घराला वेढा घातला. त्यात चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई मारली गेली. पुढच्या वर्षी टेक्सासमधल्या वेको इथे ब्रँच डेव्हिडियन पंथाच्या वसाहतीला ५१ दिवस वेढा पडला. सुरुवातीच्या छाप्यात चार सरकारी अधिकारी ठार झाले, शेवटी लागलेल्या आगीत लहान मुलांसह पंथाचे सत्तरहून अधिक लोक गेले. १९९५ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने रूबी रिजची जाहीर चौकशी केली. त्याच वर्षी बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेने निधीसाठी पाठवलेल्या पत्रात संघराज्याच्या अधिकाऱ्यांना गुंड ठरवले, तेव्हा माजी अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी संतापून आपले आजीव सदस्यत्व परत केले. एकाच पक्षातल्या दोन भावना तिथे समोरासमोर आल्या. आपल्या गावचा पोलीस आपला आणि वॉशिंग्टनहून आलेला परका, अशी त्यांची समजूत घालण्यात आली. पण गावचा पोलीस नक्की कुणाचा, हा प्रश्न राहिलाच. त्याच बायबलवर श्रद्धा असणाऱ्या, त्याच बाप्टिस्ट पद्धतीने पाण्यात बुडून दीक्षा घेणाऱ्या काळ्या ख्रिस्ती माणसाला तो आपला वाटत आला आहे का?

मला जे सांगायचे आहे ते इथून सुरू होते. ख्रिस्ती पुराणमतवादाच्या मुळाशी आद्यपापाची कल्पना आहे. आदामापासून प्रत्येक माणूस पतित आहे; कुणाच्याही हाती बेबंद सत्ता द्यावी इतका कुणीही चांगला नाही. मोठ्या सरकारवरचा अविश्वास, संघराज्याच्या अधिकारांना घातलेल्या मर्यादा, संपादकांच्या मक्तेदारीवरचा राग, हे सगळे याच श्रद्धेतून निघते. अमेरिकी राज्यघटनेचे शिल्पकार जेम्स मॅडिसन ज्या महाविद्यालयात शिकले, त्याचे प्रमुख जॉन विदरस्पून हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते. सत्तेला सत्तेनेच आवरायचे, हा मॅडिसन यांचा विचार त्या शिकवणीला अनोळखी नव्हता. मग कमरेला पिस्तूल लावलेला माणूसच या नियमातून का सुटावा? पतित माणसांमध्ये तोही आलाच, आणि त्याच्या हाती तर जीव घेण्याची सत्ता आहे. पोलिसांना जाब विचारणे ही डाव्यांची मागणी म्हणून गाजली खरी, पण तिचा भक्कम आधार उजव्यांच्याच घरात आहे, आणि काही उजव्यांनी तो ओळखलाही.

चक कोल्सन हे त्यांतले एक. ते निक्सन यांचे अत्यंत कठोर सहायक होते. पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रे वृत्तपत्रांना देणाऱ्या डॅनिएल एल्सबर्ग यांच्या बदनामीचा मजकूर पत्रकारांपर्यंत पोचवून न्यायात अडथळा आणल्याची कबुली त्यांनी दिली आणि १९७४ मध्ये ते तुरुंगात गेले. माध्यमांचा द्वेष आणि माध्यमांचा वापर, दोन्ही एकाच माणसात. त्याआधीच त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा मनापासून स्वीकारली होती. सात महिने आत काढल्यावर त्यांनी १९७६ मध्ये ‘प्रिझन फेलोशिप’ ही संस्था काढली. कैदी माणूस असतो, हे त्यांनी आतून पाहिले होते. तुरुंगांतल्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २००३ चा कायदा आणि शिक्षापद्धती काहीशी सौम्य करणारा २०१८ चा ‘फर्स्ट स्टेप’ कायदा, दोन्हींमागे या संस्थेचे बळ होते. पहिल्यावर धाकट्या बुश यांची सही आहे, दुसऱ्यावर ट्रम्प यांची.

दुसरे नाव टिम स्कॉट यांचे. दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर, रिपब्लिकन, निष्ठावंत इव्हँजेलिकल, आणि कृष्णवर्णीय. एप्रिल २०१५ मध्ये त्यांच्या राज्यात नॉर्थ चार्ल्सटन इथे पळणाऱ्या निःशस्त्र माणसाला पोलिसाने पाठीमागून गोळ्या घातल्या. त्याने माझे विजेचे शस्त्र हिसकावले म्हणून, असा पोलिसाचा जबाब होता. वाटेने जाणाऱ्या एकाने मोबाइलवर घेतलेले चित्रण बाहेर आले, जबाब खोटा ठरला आणि त्या पोलिसाला वीस वर्षांची कैद झाली. स्कॉट यांनी तेव्हापासून पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचा आग्रह धरला. जुलै २०१६ मध्ये सिनेटमध्ये उभे राहून त्यांनी सांगितले, की लोकप्रतिनिधी असताना एका वर्षात पोलिसांनी त्यांची गाडी सात वेळा अडवली. त्या भाषणाला वार्ताहराची मध्यस्थी नव्हती. बोलणारा आपल्याच पक्षाचा, आपल्याच धर्माचा माणूस होता. म्हणून त्याचे मोल मोठे.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिस इथे जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या हातून मारले गेले. त्या रात्री पोलिसांनी काढलेल्या पत्रकात पोलिसांशी संबंध आल्यावर एका माणसाची प्रकृती बिघडून मृत्यू झाला, अशा आशयाचा मजकूर होता. पोलिसाने त्यांच्या मानेवर रोवलेल्या गुडघ्याचा त्यात उल्लेख नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने चित्रण केले नसते, तर तेच पत्रक इतिहास म्हणून उरले असते. पुढच्या वर्षी पुलित्झर मंडळाने तिचा विशेष गौरव केला. इव्हँजेलिकल प्रचारक बिली ग्रॅहम यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ने फ्लॉइड यांच्याविषयी वेगळी बातमी दिली: ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड वस्तीत बास्केटबॉलच्या मैदानावर उपासना होत असे, तेव्हा बाप्तिस्म्याचा हौद आणून ठेवायला ते मदत करत. श्रद्धावान वाचकाला ज्या बातमीने फ्लॉइड आपले वाटावेत, ती श्रद्धेच्याच नियतकालिकातून आली.

महिन्याभरात स्कॉट यांनी सुधारणांचे विधेयक मांडले. कॅमेरे, गळा आवळण्याला आळा, न कळवता घरात घुसण्याची नोंद, अशा त्यातल्या तरतुदी. ते अपुरे आहे असे डेमोक्रॅट म्हणाले. चर्चा सुरू करण्यासाठीच साठ मते हवी होती, पडली पंचावन्न. पुढे दोन्ही पक्षांच्या वाटाघाटी चालल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मोडल्या. सर्वांत मोठा अडथळा क्वालिफाइड इम्युनिटीचा होता.

या दोन विश्वासांत सापडलेली तिसरी संस्था म्हणजे चर्च. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ आणि ‘सॅन अँटोनिओ एक्सप्रेस-न्यूज’ या टेक्सासमधल्या दोन वृत्तपत्रांनी सदर्न बाप्टिस्ट चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला: सुमारे ३८० पाद्री, पदाधिकारी व स्वयंसेवक, आणि सातशेहून अधिक पीडित. अमेरिकेतला हा सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ, पुराणमतवादाचा कणा. बातमी चर्चच्या शत्रूंची म्हणून झटकणे सोपे होते. पण पंथाच्या साध्या सभासदांनीच चौकशीची मागणी लावून धरली आणि २०२२ च्या अहवालात उघड झाले, की कार्यकारी समितीच्या कार्यालयात आरोपी पाद्र्यांची यादी वर्षानुवर्षे गुपचूप ठेवली जात होती. पीडित स्त्रिया आधीपासून सांगत होत्या. चर्चने ऐकले ते वृत्तपत्राने छापल्यावर. आद्यपापाची शिकवण देणाऱ्यांना ते आपल्याच व्यासपीठावर असू शकते हे पत्रकारांनी दाखवावे लागले. श्रद्धेला यात कमीपणा नाही. त्या पीडितांसाठी लढणाऱ्यांतही श्रद्धावान होतेच.

वर्दीवरच्या विश्वासाची कसोटी ६ जानेवारी २०२१ ला लागली. ट्रम्प समर्थकांनी संसद भवनावर केलेल्या हल्ल्यात सुमारे १४० पोलीस जखमी झाले. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी त्या प्रकरणातल्या जवळपास दीड हजार जणांना माफी दिली, तेव्हा त्यांना तीन निवडणुकांत पाठिंबा देणाऱ्या ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस’ या पोलीस संघटनेनेही नाराजी जाहीर केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्याय खात्याने मिनिआपोलिस आणि लुइव्हिल या शहरांच्या पोलीस दलांवर न्यायालयीन देखरेख आणणाऱ्या करारांतून अंग काढून घेतले. हे दोन्ही निर्णय मला एकाच गोष्टीची साक्ष वाटतात: इथे प्रश्न पोलिसांवरील विश्वासाचा उरलेला नाही, पोलीस कुणाविरुद्ध उभा आहे याचा झाला आहे.

आणि तरीही जॅक्सनमध्ये जन्मलेल्या त्या कवचावर आज सर्वांत टोकदार प्रहार पुराणमतवादी न्यायाधीशच करत आहेत. १९८२ च्या निकालाने ते कवच आणखी जाड केले होते. तेव्हापासून पोलिसाचा हेतू प्रामाणिक होता का, हे विचारले जात नाही. अगदी तशाच प्रसंगात आधी कुठल्या न्यायालयाने तो हक्क स्पष्ट केला आहे का, एवढेच पाहतात. नॅशव्हिलमध्ये शरण येऊन हात वर करून बसलेल्या एका संशयितावर पोलिसांनी कुत्रा सोडला. आधीच्या निकालातला संशयित आडवा पडलेला होता, हा बसलेला होता, म्हणून पोलीस सुटले. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला, तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एकट्याने असहमती लिहिली. त्या न्यायालयातले सर्वांत पुराणमतवादी मानले जाणारे थॉमस त्याच्या तीन वर्षे आधीपासूनच या सिद्धांतावर शंका घेत होते. कायद्याच्या मजकुरात हे कवच कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न.

टेक्सासचे डॉन विलेट यांनी तोच धागा पुढे नेला. ट्रम्प यांनी नेमलेले हे अपील न्यायाधीश. २०२३ मधल्या एका कैद्याच्या दाव्यात त्यांनी नव्या कायदेसंशोधनाकडे लक्ष वेधले. अधिकाऱ्यांवर दावा करण्याचा हक्क देणारा मूळ कायदा १८७१ चा. गुलामीतून मुक्त झालेल्या काळ्या नागरिकांना कू क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांपासून वाचवण्यासाठी तो रिपब्लिकन संसदेने केला होता. राज्यांचा कुठलाही कायदा, प्रथा वा रिवाज विरुद्ध असला तरी हा हक्क चालेल, असे सांगणारे सोळा इंग्रजी शब्द त्यात होते. १८७४ मध्ये सगळे कायदे एका संहितेत आणताना ते शब्द गळाले, संसदेने ते कधी रद्द केलेच नव्हते. १९६७ च्या न्यायालयाने जुन्या प्रथेचा आधार घेऊन पोलिसांना कवच दिले, तेव्हा त्याच्यापुढे हे सोळा शब्द नव्हते. विलेट यांनी ते आपल्या लेखी मतात नोंदवून ठेवले आणि कनिष्ठ न्यायाधीश म्हणून आपले हात बांधलेले आहेत, यावर निर्णय वरच्या न्यायालयानेच घ्यावा, असे म्हटले. वरच्या न्यायालयाने तो अजून घेतलेला नाही.